टिलीच्या गाडीतला कच्चा जोड

मारियाफेल्डमध्ये आल्फोन्स वांगलरच्या हाताखालून गेली नाही अशी गाडी नव्हती, आणि त्याच्या लाल टेपेची थट्टा केली नाही असा माणूस नव्हता.

ही टेप त्याला तरुणपणी चिकटली. आमच्या नॉर्थ डाकोटात शेताशेतावर वीज आली त्या वर्षांत तो तारा ओढणाऱ्या टोळीत होता. अंधार पडला, वारा सुटला की काम अर्धवट टाकून खाली उतरावं लागे, आणि मुकादम खालून ओरडायचा, "सोडलंस तर सोड, पण उद्या चढणाऱ्याला कळू दे." मग त्या कच्च्या जोडावर लाल चिंधी बांधायची. पुढे आल्फोन्सनं गावात गॅरेज काढलं, चिंधीची टेप झाली, पण नेम तोच राहिला. तात्पुरता जोड असला की त्यावर लाल टेप. काम पक्कं झालं की लाल काढून काळी. गाडी न्यायला आलेल्या माणसाला तो बॉनेट उघडून ती लाल टेप दाखवायचा आणि सांगायचा, "हे कच्चं आहे. मी परत येणार."

यायचाही. कधी आठवड्यानं, कधी पेरणी आटोपल्यावर, पण यायचा. गावानं मात्र त्या टेपेचं भलतंच केलं. एकाचा साखरपुडा होऊन सहा वर्षं झाली तरी लग्नाचं नाव नाही, तेव्हा त्याच्या टोपीला कॉफीच्या टेबलावर कुणीतरी लाल टेप लावून ठेवली. चर्चच्या गळक्या छपराला डांबराचा पट्टा मारला तेव्हा फादरच म्हणाले, "आल्फोन्सकडून टेप आणा रे." कुणाचं भांडण अर्धं मिटलं की आमच्याकडे अजूनही म्हणतात, लाल टेप लावलीय.

आल्फोन्स बुटका, मानेनं आखूड, हाताची बोटं जाड. एवढ्या जाड बोटांनी तो केसाएवढी तार कशी सोलतो याचं बायकांना नवल वाटे. गाड्यांशी तो घरच्या जुन्या जर्मनमध्ये बोलायचा आणि माणसांशी फारसा बोलायचाच नाही. नको असलेला प्रश्न समोर आला की खिशातला रुमाल काढून हात पुसत बसायचा. रोझिना, त्याची बायको, म्हणायची, "हात स्वच्छ असले तरी पुसतो. तेव्हा समजायचं, काहीतरी पोटात ठेवलंय."

पायस गेफ्रो हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गावाबाहेर दोन मैलांवर त्याची गव्हाची शेती, आणि अडुसष्ट सालची हिरवी पिकअप. ती गाडी विकून टाक म्हणून सगळे सांगून दमले. पायसचा सगळा संसार त्या गाडीत होता असं म्हटलं तरी चालेल, कारण रोज सकाळी आठ वाजता तो शेडमध्ये जाऊन तिच्यात बसायचा. आधी गव्हाचे भाव, मग हवामान, मग मयतांची नावं. जिल्ह्यात कोण गेलं, चर्चमधली मिसेची प्रार्थना कुठं, जेवण कुठल्या हॉलमध्ये, हे सगळं रेडिओवर सांगत. घरात त्याची बायको टिली त्या वेळी जपमाळ घेऊन बसलेली असे, आणि देवाच्या नावात गव्हाचा भाव मिसळलेला तिला चालत नसे. म्हणून नवरा शेडमध्ये. इंजिन सुरू केलं तर त्याच्या खडखडाटात रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून ते बंद. किल्ली मागे फिरवली की नुसता रेडिओ लागायचा असा एक खटका त्या गाडीत होता, पण तो मोडलेला. त्यामुळे पायस किल्ली पुढे फिरवून, गाडीची सगळी वीज चालू ठेवून बसायचा. हा खटका दुरुस्त करून दे, असं तो आल्फोन्सला तीन वर्षं सांगत होता. आल्फोन्स तीन वर्षं "बघतो" म्हणत होता.

नोव्हेंबरात एक दिवस टिलीच गॅरेजात आली. हातमोजे काढून तिनं दोन्ही हात आल्फोन्सच्या टेबलावर ठेवले. सांधे सुजून बोटं वाकडी झाली होती.

"हे बघ. या हातांनी तो चोकचा खुंटा ओढता येत नाही आता. थंडीत ओढल्याशिवाय गाडी उठत नाही. मग मी चर्चला जायचं कसं?"

"पायसला सांग ओढून द्यायला."

"छत्तीस वर्षं सांगतेय, ते तरी कुठं ऐकलंय. रविवारी मयतांची नावं संपल्याशिवाय तो माणूस हलत नाही. जिवंत बायको दारात कोट घालून उभी." तिनं हातमोजे परत चढवायला घेतले, एक काही चढेना, तशी ती तो खिशात कोंबत म्हणाली, "कुठंतरी ऐकलंय मी, आपोआप उघडणारा चोक असतो म्हणे. विजेवरचा. बसव ना तो."

आल्फोन्सनं बसवून दिला. तसं फार अवघड काम नव्हतं. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरचं एक पातं. इंजिन थंड असताना ते मिटलेलं हवं, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, आणि इंजिन तापलं की ते उघडायला हवं. विजेच्या चोकला बाजूला एक काळी डबी असते, तिच्यात स्प्रिंग. वीज लागली की स्प्रिंग तापते आणि दोन-चार मिनिटांत पातं उघडतं. हात लावायला नको, खुंटा ओढायला नको.

गोम एवढीच, की त्या डबीला वीज कुठून द्यायची. सोपा रस्ता म्हणजे किल्लीच्या वायरीवर जोडायचं. पण मग किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू केलंच नाही, तरी स्प्रिंग तापत बसते. इंजिन बर्फासारखं थंड आणि पातं मात्र सताड उघडं. म्हणून आल्फोन्स नेहमी मध्ये एक स्विच बसवायचा. इंजिन फिरलं, ऑइलचा दाब आला, की मगच तो स्विच चोकला वीज सोडतो. त्या दिवशी नेमका तो स्विच गॅरेजात नव्हता. बिस्मार्कहून बसनं यायचा होता.

"आज किल्लीवर जोडतो," तो पायसला म्हणाला. "स्विच आला की पाऊण तासाचं काम."

"तोवर चालेल ना?"

"चालेल."

त्यानं जोडावर लाल टेप गुंडाळली आणि बॉनेट उघडंच ठेवून दोघा नवरा-बायकोला दाखवली. या वेळी एक वाक्य सांगायला हवं होतं. तोवर शेडमध्ये रेडिओ ऐकत बसू नकोस. एवढंच वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण ते म्हटलं असतं तर पायस लगेच म्हणाला असता, मग माझा खटका दे ना करून, तीन वर्षं झाली. आणि आल्फोन्सला घरी जायचं होतं. त्यानं रुमाल काढून हात पुसले.

टिलीनं पहिल्यांदा किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात उठली. ती लहान मुलीसारखी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं आलुबुखारचं कुखन, म्हणजे आमच्याकडचा केक, भाजून पाठवलं, अख्खं.

पुढच्या गुरुवारी स्विच आला. आल्फोन्सनं तो खोक्यातून काढून बघितला आणि परत खोक्यात घालून खणात ठेवला. मग हरणांच्या शिकारीचे दिवस आले. मग नाताळ. मग थंडी अशी पडली की एक गाडी सोडवावी तर दारात तीन उभ्या. हिरव्या पिकअपची मात्र काही तक्रार नव्हती. रात्री इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवायची इकडे रीतच आहे. त्यामुळे पायस कितीही वेळ रेडिओ ऐकत बसला तरी इंजिन कोमट असायचं आणि गाडी उठायची. आल्फोन्स खणातून पक्कड काढताना ते खोकं बघायचा आणि म्हणायचा, या आठवड्यात जायलाच हवं.

जानेवारीच्या मध्यावर टिलीला न्यूमोनिया झाला. चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात ठेवली. आठवड्यात ती सावरली, सूप मागून घ्यायला लागली आणि त्यातल्या क्नेफलांना, म्हणजे कणकेच्या गोळ्यांना, नावं ठेवायला लागली. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी घरी न्या. पायस रोज सकाळी रेडिओ ऐकून निघायचा आणि साडेनऊला तिच्या खाटेशी हजर असायचा.

बुधवारी पहाटे तारांवर बर्फ चढून वीज गेली. इंजिनाचा हीटर बंद पडला. उणे अठ्ठावीस. पायस आठ वाजता शेडमध्ये गेला, किल्ली फिरवली आणि नेहमीसारखा ऐकत बसला.

साडेआठला आल्फोन्सच्या गॅरेजातला फोन वाजला.

"अरे, घोडं बसलंय," पायस म्हणाला. "बॅटरी पण गेली. ये जरा. घाई नाही, टिली कुठं पळून जात नाही."

हायवे साफ केलेला होता, पण शेताकडच्या रस्त्यावर बर्फ साचलं होतं, फावड्यानं वाट काढत आल्फोन्सला पोचायला पाऊण तास लागला. शेडमध्ये पेट्रोलचा भपका. पायस कानटोपी ओढून स्टिअरिंगवर बसला होता. आल्फोन्सनं हवेच्या गाळणीचं झाकण काढलं. पातं गच्च मिटलेलं, जसं असायला हवं तसं. आणि त्याच्या खाली ती लाल टेप.

"रेडिओ ऐकत होतास?" त्यानं विचारलं.

"रोजच ऐकतो. आज नावं जरा जास्त होती."

आल्फोन्सला सगळं कळलं. वीस मिनिटं स्प्रिंग तापली, पातं उघडलं, थंडगार इंजिन उठेना. यानं पायाखाली पॅडल दाबून दाबून पेट्रोल ओतलं, प्लग भिजले, बॅटरी संपली. मग किल्ली बंद होती तेवढ्या वेळात स्प्रिंग गार होऊन पातं परत मिटलं. दोष स्वतःच्या मागून दार लावून निघून गेला होता. आल्फोन्सशिवाय तो कुणालाच दिसला नसता.

"मीच जास्त पॅडल मारलं, नाही का?" पायस म्हणाला.

"हो," आल्फोन्स म्हणाला. "पेट्रोल चढलं."

प्लग सुकवून, आपल्या गाडीच्या बॅटरीला तारा लावून त्यानं इंजिन सुरू करून दिलं. दहाला पाच कमी होते. चल, माझ्याच गाडीनं सोडतो, असं त्याला आल्याबरोबर म्हणता आलं असतं. पण कुणालाच घाई नव्हती.

टिली दहा वाजून वीस मिनिटांनी गेली. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली म्हणाले. पायस पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि खाटेवरची चादर सारखी करून ठेवली होती. तिथल्या नर्सनं त्याला सांगितलं, नवाच्या पुढे तिला बरं वाटेनासं झालं, आणि तिनं दोनदा विचारलं, पायस आला का? नर्स बिचारी चांगल्या मनानंच सांगत होती.

दफनाच्या दिवशी जमीन इतकी गोठली होती की थडगं खणायला आधी शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. हॉलमधल्या जेवणाला आल्फोन्स बटाटे वाढत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिसऱ्या दिवशी पायस बहिणीकडे गेलाय असं कळल्यावर तो खणातलं खोकं खिशात घालून शेडमध्ये गेला. कुलूप नव्हतंच. त्यानं लाल टेप सोलली, जोड सोडवला, स्विच बसवला, वायर नीट बांधून घेतली आणि काळी टेप गुंडाळली. घड्याळ बघितलं. पाऊण तास. दोन महिन्यांत त्याला जो सापडला नव्हता तो पाऊण तास. तो पिकअपच्या पायरीवर बसला आणि रडला. मग उठून घरी गेला.

त्यानंतर पायसनं ती गाडी चालवली नाही. सकाळी आठला शेडमध्ये जाऊन, बॅटरीला चार्जर लावून रेडिओ ऐकायचा, पण बाहेर जायचं झालं की पायी, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत. त्या कुणाच्या तरीमध्ये आल्फोन्सच जास्त. कॉफीच्या टेबलावर थंडीत गाडी कशी उठवावी यावर गप्पा निघाल्या की पायस कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "पॅडल एकदाच दाबायचं. माझ्या या पायापायी बायको एकटी मेली." आल्फोन्स रुमाल काढायचा. दर वेळी त्याला वाटायचं, आत्ता सांगावं. आणि दर वेळी कुणीतरी कॉफी ओतायचं, विषय बदलायचा आणि तो सुटायचा. सुटल्यावर बरं वाटायचं याची त्याला जास्त लाज वाटे.

ईस्टरच्या आधी तो कन्फेशनला गेला. जाळीपलीकडे फादर, बाहेर आठ-दहा जणांची रांग. आल्फोन्सनं आधी चोक म्हणजे काय ते समजावलं, मग स्प्रिंग, मग ऑइलचा दाब. फादरना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी पातं मिटतं कधी आणि उघडतं कधी हे तीनदा विचारलं. बाहेर रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, की या गरीब माणसानं एवढं केलंय तरी काय.

"अरे, पण वीज गेली ती देवाच्या हातची," शेवटी फादर म्हणाले. "गाठ गेली तीही. यात तुझं पाप कुठलं?"

"वायरीचं नाही म्हणत, फादर. मी 'हो' म्हणालो त्याचं."

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "मग ते मला काय सांगतोस? पायसला सांग."

"त्याऐवजी जपमाळेच्या दहा फेऱ्या द्या. वीस द्या."

"हा काय बाजार आहे? जा, सांग त्याला."

तो गेला नाही. पायसला काय मिळणार त्यातून, असं तो स्वतःला समजावत राहिला. बाई परत येणार आहे का? उगीच म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ. ही समजूत दिवसा टिकायची आणि रेडिओवर मयतांची नावं लागली की विरघळायची. उन्हाळाभर त्यानं पायसचं गवत कापलं, धान्याच्या कोठाराचं दार बसवून दिलं, तीन वर्षं राहिलेला किल्लीचा खटकासुद्धा करून दिला. पायस म्हणाला, "काय रे, आता सुचलं?" आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेनं आल्फोन्सला रात्रीचं जेवण गेलं नाही. रोझिना बघत होती. एकदा तिनं विचारलं, "त्या माणसाचं काय देणं लागतोस रे तू?" त्यानं हात पुसले.

वर्ष फिरलं. जानेवारीत टिलीच्या नावाची वर्षाची मिसा होती, शनिवारी सकाळी साडेआठला. शुक्रवारी पायसचा फोन आला.

"उद्या आठला ये. मी पिकअप घेऊन जाणार आहे मिसेला. तिची गाडी आहे ती. पण तू शेजारी बस."

आल्फोन्स गेला तेव्हा पायस काळा कोट घालून स्टिअरिंगवर बसला होता. रेडिओ बंद. आल्फोन्स शेजारी चढून बसला. पायसनं किल्ली लावली, पण फिरवेना. उजवा पाय पॅडलच्या वर हवेत धरला होता, सत्तरीला आलेल्या माणसाचा, बर्फाचा बूट घातलेला जाड पाय.

"किती वेळा दाबू?" तो म्हणाला. "तू सांग. मला माझ्या पायाचा भरवसा नाही."

हे मात्र आल्फोन्सला बघवेना. कॉफीच्या टेबलावरचं बोलणं त्यानं वर्षभर सहन केलं होतं, पण तो हवेत लटकलेला पाय त्याच्याच्यानं सहन झाला नाही.

"तुझ्या पायाचा दोष नव्हता," तो म्हणाला. "पायस, खाली घे तो. माझा दोष होता."

त्यानं सगळं सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, एकेक करून. किल्लीवरचा जोड, रेडिओ, तापलेली स्प्रिंग, खणातला स्विच. जे वाक्य म्हटलं नाही ते, आणि का नाही म्हटलं तेही. "तू विचारलंस, मीच जास्त पॅडल मारलं का. मी हो म्हणालो. मला तेव्हाच माहीत होतं. मग तू नसताना येऊन मी ते बदललं आणि काळी टेप लावली, म्हणजे कुणाला कळू नये."

पायस ऐकत होता. पाय त्यानं केव्हाच खाली टेकवला होता. आल्फोन्सचं संपल्यावर त्यानं हात लांब करून गाडीतली राखदाणी उघडली. पायस सिगारेट ओढत नव्हता. आत एक लाल टेपेचा तुकडा होता, गुंडाळी झालेला, धूळ चिकटलेला.

"झाडताना मिळाली," तो म्हणाला. "लाल निघालेली बघितली आणि म्हटलं, चला, आला होता, करून गेला. पण का आला होता ते मी विचारलं नाही." तो तुकडा त्यानं बोटात फिरवला. "टिली दर रविवारी म्हणायची, अजून लाल आहे, आल्फोन्सला फोन कर. मी म्हणायचो, उठतेय ना गाडी. दर रविवारी, आल्फोन्स. मला वाटायचं, त्या जोडानंच घात केला असेल, पण मी फोन केला असता तर तो तेव्हाच बदलला असता. पण ते तुला कसं सांगणार? तुझ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. म्हणून मी पायावर घेतलं."

आल्फोन्सनं रुमालासाठी खिशात हात घातला, आणि तो तसाच राहिला.

"मी तुला वाचवत होतो, गाढवा," पायस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "टेबलावर सगळ्यांसमोर. कुणी तुझ्या कामाचं नाव काढू नये म्हणून. आणि तू तिथंच बसून कॉफी पीत होतास."

"हो."

"ती दोनदा विचारत होती."

"माहीत आहे."

"उतर."

आल्फोन्स उतरला. शेडच्या दारात बाजूला होऊन उभा राहिला. पायसनं पॅडल एकदा दाबलं, किल्ली फिरवली. गाडी लगेच उठली. चोक मिटलेला असताना इंजिन जसं जड घुमतं तसं घुमलं, मग हळूहळू मोकळं झालं. पक्क्या जोडाचा आवाज. एवढं चांगलं काम आल्फोन्सनं आयुष्यात थोडंच केलं असेल, आणि तो आवाज ऐकताना त्याला तोंड कुठं लपवू असं झालं. पिकअप त्याच्या अंगावर बर्फ उडवत निघून गेली.

तो आपल्या गाडीनं मागून चर्चला गेला. मिसा सुरू झाली होती. पायस डावीकडे, तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी. शेजारी टिलीच्या जागी त्यानं टोपी ठेवली होती. गेलं वर्षभर त्या बाकावर पलीकडच्या टोकाला आल्फोन्स बसायचा, आणि रोझिना आजही तिथंच बसली होती आणि वळून वळून नवऱ्याला शोधत होती. आल्फोन्स मागे, दाराजवळ, लग्नकार्यापुरते चर्चला येणारे लोक बसतात तिथं बसला. फादरनी टिलीचं नाव घेतलं, ओटिलिया गेफ्रो, आणि ते ऐकताना वर्षात पहिल्यांदा त्यानं मान खाली घातली नाही. बरं वाटलं असं नाही. पण निदान आता झाकलेलं काही नव्हतं.

शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा सगळे वळून एकमेकांचे हात धरत होते. पायस वळला नाही. शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आधीच तो टोपी घेऊन बाजूच्या दारानं बाहेर पडला. पिकअपचं इंजिन घुमल्याचं आत सगळ्यांना ऐकू आलं, आणि गाडी लांब गेल्याचंही.

रोझिना बाहेर पायऱ्यांवर आली. "कुठं बसला होतास? काय झालंय तुम्हा दोघांचं?"

"घरी सांगतो," आल्फोन्स म्हणाला. आणि या वेळी तो खरंच सांगणार होता.

त्यांची गाडी कुंपणाला लागून उभी होती. आमच्याकडे गाड्यांना कुलूप नसतं. आल्फोन्सनं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. स्टिअरिंगला लाल टेपेचा तो तुकडा बांधला होता. जुन्या टेपेला चिकटपणा उरला नव्हता, म्हणून पायसनं तिची गाठ मारली होती, थंडीत उघड्या बोटांनी मारलेली, दोनदा सुटून परत बांधलेली असावी अशी वाकडी गाठ.

रोझिना पलीकडून चढून बसली. "हे काय? कुणी बांधलं?"

"पायसनं."

ती गावातलीच होती, लाल टेप म्हणजे काय हे तिला सांगायला नको होतं. तरी ती सोडायला तिनं हात पुढे केला, कारण ती नीटनेटकी बाई होती.

"राहू दे," आल्फोन्स म्हणाला. "काम राहिलंय."